कॅरेट मोजायचं काउंटर: आधी पल्स एक करा, मग आयसी कमी करा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वरूड तालुक्यातल्या संत्र्याच्या शेडवर, वॅक्सिंग होऊन पट्ट्यावरून गाडीकडे जाणारे कॅरेट मोजायला तुम्ही चार आकडी काउंटर बनवलं. त्यात चार ७४९० (दहापर्यंत मोजणारे आयसी), चार ७४४७ (मोजलेला आकडा डिस्प्लेच्या सेगमेंटमध्ये बदलणारे), चार एलटीएस५४२ डिस्प्ले, अठ्ठावीस रेझिस्टर, समोर लेझर आणि एलडीआर (प्रकाश ओळखणारा रेझिस्टर), मधे एक ५५५ टायमर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५ व्होल्ट देणारा ७८०५ आहे. एका कॅरेटला कधी तीन, कधी चार आकडे सरकतात. मोटर सुरू केली की आकडा उडी मारतो. दुपारी ७८०५ ला बोट लावता येत नाही आणि मधेच आकडा शून्यावर येतो. म्हणून तुम्हाला हेच काम कमी आयसीत करून हवं आहे.

आयसी कमी होतील, तीन आकडे पुरले तर दहाचे पाच होतील. पण तुमच्या तक्रारी पुन्हा वाचून पाहा. त्यांतल्या गरम होण्याच्या आणि शून्यावर येण्याच्या तक्रारीचाच संबंध आयसींशी आहे. जास्त मोजणं आणि मोटरबरोबर उडी मारणं हे दोन्ही दोष काउंटरच्या आधीच्या भागातले आहेत. ७४९० ला जेवढे पल्स मिळाले तेवढे त्याने इमानदारीने मोजले. तोच गढूळ पल्स नव्या आयसीला दिलात तर तोही तीन आणि चारच दाखवेल. म्हणून मी आधी पल्सचं सांगतो, आयसींचं नंतर.

तीन-चार का येतात ते तुमच्याच आकड्यांवरून निघतं. ५५५ वर तुम्ही ४७ के आणि १० मायक्रोफॅरड लावलं आहे. मोनोस्टेबलचा, म्हणजे एका झटक्याला ठरलेल्या वेळेचा एकच पल्स देणाऱ्या जोडणीचा वेळ १.१ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर), म्हणजे ०.५२ सेकंद. पट्ट्याचा वेग तुम्ही मिनिटाला १८ मीटर लिहिला आहे, म्हणजे सेकंदाला ३० सेंमी. कॅरेट ५४ सेंमी लांब धरलं तर ते लेझरसमोरून जायला १.८ सेकंद घेतं. आता कॅरेटची बाजू डोळ्यांसमोर आणा. ती जाळीची आहे. पट्टी, भोक, पट्टी, भोक असं चालतं. पहिल्या पट्टीने किरण तुटला, ५५५ चालू झाला आणि अर्ध्या सेकंदाने बंद झाला. तोवर कॅरेट समोरच आहे. पुढच्या भोकातून किरण गेला, त्यामागच्या पट्टीने पुन्हा तोडला आणि ५५५ पुन्हा चालू झाला. १.८ सेकंदांत असं तीन-चारदा होतं. म्हणजे तुमचं सर्किट बिघडलेलं नाही. त्याला जे सांगितलं आहे तेच ते करत आहे.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ५५५ चा वेळ वाढवून २ सेकंद करायचा. तसं करू नका. पट्ट्यावर माल जास्त आला आणि वेग थोडा पडला की तेच कॅरेट सव्वादोन सेकंद घेईल आणि दोनदा मोजलं जाईल. उलट दोन कॅरेट ५ सेंमी अंतराने आले तर दुसरं २ सेकंद पुरे व्हायच्या आत येऊन बसेल आणि मोजणी चुकेल. कॅरेटच्या पूर्ण लांबीवर बांधलेला वेळ पट्ट्याच्या वेगाचा गुलाम होतो.

हवं ते असं: किरण तुटला की लगेच पल्स चालू व्हावा, तुटत राहील तोवर चालूच राहावा, आणि शेवटची पट्टी गेल्यावर थोडा वेळ थांबून मगच सुटावा. हा थोडा वेळ सर्वांत रुंद भोकापेक्षा मोठा आणि दोन कॅरेटमधल्या सर्वांत कमी अंतरापेक्षा छोटा ठेवायचा. भोक ३ सेंमी असेल तर ०.१ सेकंद. अंतर २० सेंमी असेल तर ०.६७ सेकंद. मधे कुठेतरी ०.३ सेकंद धरा. आता पट्टा हळू झाला तरी दोन्ही बाजूंना भरपूर जागा राहते.

हे आकडे तुमच्या शेडवर मोजून घ्या, अंदाजावर जाऊ नका. पट्ट्याच्या फ्रेमवर खडूने १ मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. वेग आणि दोन कॅरेटमधलं अंतर, दोन्ही त्यातच दिसतं. घाईच्या वेळी काढा, निवांत वेळी हमाल अंतर सोडूनच ठेवतात.

एक मर्यादा आधीच स्पष्ट सांगतो. दोन कॅरेट एकमेकांना चिकटून आले तर कोणतंही सर्किट त्यांना वेगळं ओळखणार नाही. मग सेन्सरची जागा बदलावी लागते. एका पट्ट्यावरून दुसऱ्या, किंचित जलद पट्ट्यावर माल जातो किंवा रोलरचा उतार सुरू होतो, तिथे कॅरेट आपोआप सुटे होतात. सेन्सर तिथे लावा. जिथे मजूर कॅरेट हाताने मागेपुढे सरकवतात तिथे लावू नका.

आता हे काम करणारं सर्किट. त्याला ५५५ लागत नाही. एक सीडी४०९३, एक डायोड, तीन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. ४०९३ मध्ये चार श्मिट नँड गेट असतात, म्हणजे सावकाश बदलणाऱ्या इनपुटवरही स्वच्छ पलटणारी गेट, आपल्याला एकच हवं. पिन १ आणि २ एकत्र जोडा, या जोडाला आपण एक्स म्हणू. एक्सपासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर, ज्याच्या अंगावर १०५ लिहिलेलं असतं. एक्सपासून +९ व्होल्टला (ते ७८०९ वरून येतात, पुढे सांगतो) ३३० के. एक्सपासून १एन४१४८ डायोड आणि त्याच्या मागे १० के, आणि या १० के चं दुसरं टोक सेन्सरच्या आउटपुटला. डायोडची काळी पट्टी सेन्सरकडे. सेन्सरच्या आउटपुटपासून +९ ला १ के. गेटचं आउटपुट पिन ३ वर मिळतं.

कॅरेट आलं की सेन्सर आउटपुट ग्राउंडला ओढतो. कपॅसिटर डायोड आणि १० के मधून साधारण १० मिलीसेकंदांत रिकामा होतो आणि पिन ३ चा व्होल्टेज वर चढतो. मधल्या भोकात सेन्सर क्षणभर सुटला तर डायोड बंद होतो आणि कपॅसिटर फक्त ३३० के मधूनच, सावकाश भरू लागतो. गेट पलटायला त्याला ९ व्होल्टच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत चढावं लागतं, त्याला ०.९ गुणिले आर गुणिले सी, म्हणजे ०.३ सेकंद लागतो. तेवढ्यात पुढची पट्टी येऊन त्याला पुन्हा रिकामा करते. कॅरेट पूर्ण गेल्यावरच तो शेवटपर्यंत भरतो. एक कॅरेट, एक पल्स. शिवाय १० के मुळे ३-४ मिलीसेकंदांचा उडता झटका कपॅसिटरला पुरेसा रिकामा करूच शकत नाही. मोटरच्या उड्यांचा बराचसा इलाज इथेच होतो.

डायोड उलटा लावलात तर काहीच मोजलं जात नाही. कपॅसिटरला रिकामं व्हायला वाटच उरत नाही, तो कायम भरलेला राहतो आणि पल्स येतच नाही. लावण्याआधी पट्टी दोनदा बघा. कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक घेऊ नका. टिनाच्या शेडखाली उन्हाळ्यात त्याचं लीकेज वाढतं आणि ३३० के सारख्या मोठ्या रेझिस्टरमागे तो वेळ भरकटवतो. उरलेल्या तीन गेटच्या इनपुट पिना, ५, ६, ८, ९, १२ आणि १३, ग्राउंडला जोडाव्या लागतात. सीमॉसची इनपुट पिन हवेत सोडली की ती जवळून हात गेला तरी पलटते. १४ ला +९ आणि ७ ला ग्राउंड.

सेन्सर कोणता घ्यायचा हे परिस्थितीवर आहे. लेझर आणि एलडीआर मात्र काढाच. एलडीआर मुळात संथ असतो आणि बाजूने उघड्या शेडमध्ये दिवसभर ऊन सरकतं, त्यामुळे सकाळी बसवलेली सेटिंग दुपारी चालत नाही. माझी पहिली पसंती रोलर लिव्हरच्या लिमिट स्विचला. कॅरेटच्या वरच्या कडेला भोकं नसतात, रोलर त्या कडेला घासून जाईल अशा उंचीवर स्विच लावा. २० किलोचं कॅरेट लिव्हरला समोरून धडकू देऊ नका, लिव्हर तिरपी ठेवा म्हणजे कॅरेट तिला बाजूला सारत जाईल. कॉमन टोक ग्राउंडला, नॉर्मली ओपन टोक आपल्या सर्किटला. ते १ के चं पुल-अप, म्हणजे सेन्सरच्या आउटपुटपासून +९ ला लावलेला रेझिस्टर, इथे खास कामाचं आहे. त्यातून ९ मिलीअँपिअर वाहतो. अशा स्विचचे काँटॅक्ट अगदी थोड्या करंटवर धुळीचा पातळ थर फोडू शकत नाहीत, मग स्विच दाबला जातो पण जोडला जात नाही. तिथे १० के लावलं तर पहिल्या आठवड्यात चालेल आणि पुढे कॅरेट सुटू लागतील.

स्विच लावायला जागाच नसेल तर १० ते ३० व्होल्टवर चालणारा, एनपीएन आउटपुटचा, रिफ्लेक्टरवाला फोटो सेन्सर घ्या. तपकिरी तार बॅटरीच्या प्लसला, निळी ग्राउंडला आणि काळी आउटपुटला असते, तरी लेबल पाहून घ्या. तो डार्क-ऑन हवा, म्हणजे किरण तुटल्यावर आउटपुट ओढणारा. लाइट-ऑन आला तर आपलं सर्किट कॅरेटऐवजी रिकामी जागा धरून ठेवेल आणि मोजणी चुकेल. शेडमधली आणखी एक गोष्ट: वॅक्सचा बारीक फवारा आणि पानाची धूळ मिळून सेन्सरच्या काचेवर आणि रिफ्लेक्टरवर चिकट थर बसतो. बोट फिरवलं तर पिवळट तेलकट लागतं. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायला सांगून ठेवा.

आता आकड्यांचा भाग. आधी एक साधा प्रश्न: चौथा आकडा कशाला हवा? भरलेलं कॅरेट साधारण २० किलोचं धरलं तर १० टनांच्या गाडीत ५०० कॅरेट जातात. गाडी भरली की आकडा वहीत लिहायचा आणि शून्य करायचं, अशी पद्धत असेल तर ९९९ पुरतात. दिवसाचा एकूण आकडा हवा असेल तरच चौथा ठेवा. पुढे मी तीन आकडे धरून लिहितो. चौथा लागला तर तीच जोडणी एकदा जास्त.

७४९० आणि ७४४७ या जोडीऐवजी सीडी४०३३ घ्या. यात दहाचा काउंटर आणि सात सेगमेंटचा डिकोडर दोन्ही एकाच १६ पिनांच्या आयसीत आहेत. ७४९० च्या आउटपुटपासून ७४४७ पर्यंत प्रत्येक आकड्याला लागणाऱ्या चार तारा गेल्या. साध्या ७४९० ला सुमारे ३० मिलीअँपिअर आणि साध्या ७४४७ ला सुमारे ६४ मिलीअँपिअर लागतात. चार-चार धरले तर पावणेचारशेच्या आसपास, काहीही न दाखवता. त्यावर ८८८८ दिसताना २८ सेगमेंटचे ३३० ओहममधून अडीचशे. असे ६३० मिलीअँपिअर ७८०५ मधून जातात आणि १२ चे ५ करताना त्याच्यावर ७ व्होल्ट पडतात. म्हणजे जवळपास साडेचार वॅट त्या छोट्या तुकड्यात. हीटसिंक नसेल तर तो वॅटमागे सुमारे ६५ अंश तापतो. मृग बहाराचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो, टिनाखाली तेव्हाच ४० अंश असतात. मग ७८०५ स्वतःला वाचवायला आउटपुट पाडतो आणि तुमचा आकडा शून्यावर येतो. दुपारचं गूढ एवढंच आहे. तुमच्या आयसींवर ७४एलएस लिहिलेलं असेल तर आयसींचा करंट बराच कमी येईल, पण सेगमेंटचा तेवढाच राहील.

४०३३ सीमॉस आहे, स्वतःला जवळपास काही घेत नाही. त्याला ७८०९ वरून ९ व्होल्ट द्या आणि प्रत्येक सेगमेंटला १ के लावा. सेगमेंटला ४ ते ५ मिलीअँपिअर मिळतात. तीन आकड्यांवर ८८८ दिसतानाही एकूण सुमारे १०५ मिलीअँपिअर, आणि ७८०९ वर अर्ध्या वॅटच्या आत. हीटसिंक नको. ५ व्होल्टवर चालवू नका, ४०३३ चालतो पण डिस्प्ले इतका मंद दिसतो की उघड्या शेडमध्ये वाचता येत नाही. ९ व्होल्टवरही समोर लाल ॲक्रिलिकची पट्टी लावा आणि डिस्प्ले सावलीत तोंड करून बसवा.

डिस्प्ले मात्र बदलावे लागतील. एलटीएस५४२ कॉमन ॲनोड आहे (सगळ्या सेगमेंटचं प्लस टोक एकत्र) आणि ४०३३ ला कॉमन कॅथोड (मायनस टोक एकत्र) लागतो, म्हणजे एलटीएस५४३. पिना त्याच जागी आहेत: ७ ए, ६ बी, ४ सी, २ डी, १ ई, ९ एफ, १० जी, आणि ३ व ८ कॉमन, ते ग्राउंडला. सात रेझिस्टर वाचवायला कॉमनलाच एक रेझिस्टर लावायची पद्धत दिसते, ती नको. त्यात १ लखलखतो आणि ८ विझल्यासारखा दिसतो, कारण तोच करंट दोन सेगमेंटमध्ये वाटला जातो किंवा सातांत.

४०३३ च्या पिना अशा. १० ए, १२ बी, १३ सी, ९ डी, ११ ई, ६ एफ, ७ जी. १६ ला +९, ८ ला ग्राउंड. पिन १ क्लॉक, पिन २ क्लॉक रोखणारी, ती ग्राउंडला. पिन १४ लॅम्प टेस्ट, ग्राउंडला. पिन १५ रीसेट, तिन्ही आयसींच्या एकत्र. पिन ५ कॅरी. ४०९३ ची पिन ३ एकं आयसीच्या पिन १ ला, एकंची पिन ५ दहं आयसीच्या पिन १ ला, दहंची पिन ५ शतकाच्या पिन १ ला.

इथे ७४९० वापरून सवय झालेल्यांची एक ठरलेली चूक होते. ७४९० पडत्या कडेवर मोजतो, ४०३३ चढत्या कडेवर. त्यामुळे मधे इन्व्हर्टर लागेल असं वाटतं. लागत नाही. ४०३३ ची कॅरी ० ते ४ ला वर आणि ५ ते ९ ला खाली असते, आणि ९ वरून ० होताना चढते. ती चढती कड पुढच्या आयसीला थेट चालते. मधे इन्व्हर्टर घातलात तर ४ वरून ५ होताना दहंचा आकडा वाढेल. तुमच्या काउंटरने ४ नंतर १५ दाखवला तर दुसरीकडे शोधू नका.

पुढचे शून्य लपवायचे असतील, म्हणजे ००७ ऐवजी ७ हवे असतील, तर शतकाची पिन ३ ग्राउंडला, शतकाची पिन ४ दहंच्या पिन ३ ला आणि एकंची पिन ३ +९ ला. एकंची +९ ला न जोडता दहंच्या पिन ४ ला जोडली तर शून्याला सगळा डिस्प्ले काळा दिसतो आणि बॅटरी गेली असं वाटतं.

दुकानात ४०३३ नसेल तर बहुधा सीडी४०२६ देतील. चालतो, सेगमेंटच्या पिनाही त्याच आहेत, पण ३, ४ आणि १४ वेगळ्या आहेत. ४०२६ ला पिन ३ ही डिस्प्ले चालू ठेवणारी, ती तिन्ही आयसींवर +९ ला. ४ आणि १४ हे आउटपुट आहेत, त्या मोकळ्या सोडा. ४०३३ च्या सवयीने १४ ग्राउंडला जोडलीत तर आउटपुटच शॉर्ट कराल. पुढचे शून्य लपवायची सोय यात नाही. जुन्या नकाशांत ७४सी९२६ दिसतो, चारही आकडे एकाच आयसीत. सर्किट सुंदर होतं, पण तो आता उत्पादनात नाही, त्यावर नवं काही बांधू नका. साधा ४०३३ वरूडला नसला तर अमरावती किंवा नागपूरला सीताबर्डीत विचारा, आणि एक जास्तीचा घ्या.

रीसेटला तिन्ही पिन १५ च्या जोडापासून ग्राउंडला १०० के आणि +९ ला १ मायक्रोफॅरड, म्हणजे चालू करताच शून्य होईल. हाताने शून्य करायला त्याच कपॅसिटरला समांतर बटन आणि त्याच्याबरोबर सिरीजमध्ये १ के. बटन झाकणाच्या आत ठेवा, जाता-येता कोणाच्या हाताने दाबलं गेलं तर अर्ध्या गाडीचा हिशेब गेला.

मोटरच्या उड्यांसाठी पल्सच्या सर्किटशिवाय आणखी काही करावं लागेल. प्रत्येक आयसीच्या १६ आणि ८ मध्ये, ४०९३ ला १४ आणि ७ मध्ये, १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर पिनांना लागून लावा. बोर्डाच्या कोपऱ्यात लावलेला उपयोगाचा नाही. ७८०९ च्या इनपुटला ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट आणि १०४, आउटपुटला १०० मायक्रोफॅरड आणि १०४. सेन्सरची तार मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपमधून नेऊ नका. शील्ड असलेली तार घ्या आणि शील्ड फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंड करा. एवढं करूनही काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) सुटताना आकडा हलत असेल तर काँटॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर लागतो. तो कपॅसिटर एसीसाठीच्या एक्स-२ जातीचा, २७५ व्होल्टचा हवा. हे २३० व्होल्टचं काम वायरमनकडून, मेन बंद करून करून घ्या.

झिरो पीसीबीवर आधी आयसी बेस झाळा, आयसी सगळ्यांत शेवटी बसवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावरच्या स्टॅटिकने सीमॉस आयसी सहज मरतात. झाळून झाल्यावर एक्सच्या आसपासचा रोझिन आयसोप्रोपिलने ब्रश मारून साफ करा. पावसाळ्यात त्यावर धूळ आणि ओल बसते आणि ३३० के च्या शेजारी तेवढंही लीकेज वेळ बिघडवायला पुरतं.

सगळं एकदम जोडून तपासू नका. आधी ७८०९, ४०९३ आणि फक्त एकंचा आकडा. स्विच हाताने शंभरदा दाबा, डिस्प्ले पुन्हा शून्यावर यायला हवा. मग दहं आणि शतक जोडा. आता हाताने हजारदा कोण दाबेल, म्हणून ४०९३ चं मोकळं गेट तात्पुरतं ऑसिलेटर करा: पिन ५ आणि ६ ग्राउंडपासून सोडवून एकत्र, त्या जोडापासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरड आणि पिन ४ ला १०० के. पिन ४ वर सेकंदाला साधारण १० पल्स मिळतात. पिन ३ ची तार काढून पिन ४ एकंच्या क्लॉकला द्या आणि शंभरेक सेकंद बघत बसा. ९ वरून १० आणि ९९ वरून १०० हे दोन क्षण नीट पाहा, कॅरीची चूक तिथेच दिसते. एखादा सेगमेंट सगळ्या आकड्यांत बंद असेल तर रेझिस्टर किंवा झाळ, आणि आकडे चित्रविचित्र असतील तर दोन सेगमेंटच्या तारा अदलाबदल झाल्या आहेत. तपासणी संपली की पिन ५ आणि ६ पुन्हा ग्राउंडला.

आर्डुइनोचं विचारणार असाल तर, हो, नॅनो आणि टीएम१६३७ चा चार आकडी मॉड्यूल घेतला तर सगळे सेगमेंट रेझिस्टर जातात, डिस्प्लेला चारच तारा. शिकायचं असेल आणि लाइट किंवा बॅटरी गेल्यावरही आकडा जपायचा असेल तर तोच रस्ता. ४०३३ ला आठवण नाही, बॅटरीची क्लिप हलली तरी आकडा गेला. पण प्रत्येक कॅरेटला ईईप्रॉमच्या (नॅनोमधली, सप्लाय गेला तरी टिकणारी मेमरी) एकाच जागी आकडा लिहू नका. त्या जागेची हमी १ लाख वेळा लिहिण्याची आहे, रोज २००० कॅरेट धरले तर ५० दिवसांत संपेल. दर वेळी पुढच्या जागी लिहा किंवा दहा कॅरेटला एकदा लिहा. १२ व्होल्ट थेट व्हिनला देण्याऐवजी बक मॉड्यूलवरून ५ व्होल्ट द्या. आणि डायोड-कपॅसिटरचं ते सर्किट नॅनोच्या आधीही ठेवा, फक्त ४०९३ तेव्हा ५ व्होल्टवर चालवा, ९ व्होल्टचा पल्स नॅनोच्या पिनवर देऊ नका. शेडवर नुसतं मोजायचं असेल आणि दुरुस्ती तुम्हालाच करायची असेल तर मी ४०३३ च निवडेन. बंद पडलं तर मल्टिमीटरने तासाभरात शोधता येतं, लॅपटॉप लागत नाही.

शेडवर बसवल्यावर पहिल्या गाडीला एका माणसाला वहीत पाच-पाचच्या रेघा मारत २०० कॅरेट मोजायला बसवा आणि आकडा ताडून पाहा. काउंटर जास्त दाखवत असेल तर भोक किंवा हलणारं कॅरेट ०.३ सेकंदात झाकलं जात नाही, ३३० के काढून ४७० के लावा, वेळ ०.४२ सेकंद होईल. कमी दाखवत असेल तर कॅरेट फार जवळून येत आहेत, २२० के लावून ०.२ सेकंद करा, आणि तरीही कमीच आलं तर सेन्सर पुढच्या, जलद पट्ट्यावर हलवा.